मोजायचे नेमके काय?

संभाव्यतेची व्याख्या विद्यार्थी चटकन पाठ करतात : अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या. खरी अडचण मोजताना येते. ‘एक निष्पत्ती’ म्हणायचे कशाला? या प्रश्नाने मोठमोठ्या गणितज्ञांनाही गुंतवले आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गॅलिलिओपुढे एक कोडे आले. तीन फाशांची बेरीज ९ सहा प्रकारे येते, १०सुद्धा सहाच प्रकारे. मग मुरलेल्या खेळाडूंना १० अधिक वेळा पडल्याचे का आढळते? गॅलिलिओने दाखवले, की हे सहा प्रकार सारख्या तोलाचे नाहीत. तिन्ही फासे वेगवेगळ्या रंगांचे आहेत असे समजू. ३, ३, ३ एकाच रीतीने पडेल. २, २, ५ तीन रीतींनी, तर १, २, ६ सहा रीतींनी. असे मोजल्यावर २१६ निष्पत्तींपैकी ९च्या वाट्याला २५ येतात आणि १०च्या वाट्याला २७.

तरीही १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेर या नामवंत गणितज्ञाने वेगळीच शंका काढली. नाणे दोनदा उडवले, तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? रूढ उत्तर ३/४. दालांबेर म्हणाला, पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ तिथेच संपला. म्हणजे शक्यता तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. त्यांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३.

यात चुकले कुठे? तीन शक्यता आहेत हे खरे, पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिलीची संभाव्यता १/२, उरलेल्या दोघींची प्रत्येकी १/४. म्हणून उत्तर १/२ + १/४ = ३/४. पुढे लाप्लासने १८१४च्या आपल्या निबंधात हेच उदाहरण घेऊन ‘समसंभाव्य’ या अटीचे महत्त्व स्पष्ट केले.

आपल्या वर्गातही कुणीतरी २/३ असे उत्तर देईलच. ते लगेच खोडू नका. ४० विद्यार्थ्यांना प्रत्येकी १५ वेळा दोन-दोन नाणी उडवायला सांगा. दालांबेर बरोबर असेल, तर ६०० पैकी सुमारे ४०० वेळा निदान एक छापा दिसेल. नसेल तर सुमारे ४५० वेळा. आकडे फळ्यावर लिहा आणि मगच विचारा : या निष्पत्ती समसंभाव्य आहेत का? व्याख्येतला हा एक शब्द मग विसरला जाणार नाही.