औषधनिर्माता (फार्मासिस्ट)

औषधांची निर्मिती, साठवण, तपासणी व वितरण यांचे शिक्षण घेतलेला नोंदणीकृत व्यावसायिक. बोलण्यात त्याला ‘केमिस्ट’ किंवा नुसते ‘मेडिकलवाला’ म्हणतात. पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर मिश्रणे व मलमे हाताने तयार करी. कारखान्यातून तयार गोळ्यांच्या स्ट्रिप येऊ लागल्यावर दुकानातल्या औषधनिर्मात्याकडे ‘निर्माता’ हा शब्द नावापुरताच राहिला.

भारतात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुरू केले. फार्मसी कायदा १९४८ चा; त्यानुसार १९४९ मध्ये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली. दोन वर्षांची पदविका (डी. फार्म.) व त्यानंतर ५०० तासांचे प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची पदवी (बी. फार्म.) घेतलेल्यांची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये आला.

दुकानातले त्याचे मुख्य काम चिठ्ठी वाचण्याचे, म्हणजे केवळ अक्षर लावण्याचे नव्हे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ॲस्पिरिन दिसले, तर रक्तस्रावाचा धोका ओळखून डॉक्टरांना विचारायचे. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये, न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, हे रुग्णाला सांगायचे. अनेक प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे व काही सवय लावणारी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीत डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. कायद्याने हे सारे नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हायला हवे. प्रत्यक्षात मात्र प्रमाणपत्र भिंतीवर आणि ज्याचे ते आहे तो दुसरीकडेच, असा प्रकार आढळतो. ‘सर्टिफिकेट भाड्याने देणे’ हा शब्दप्रयोग या व्यवसायात रुळला, यातच काय ते आले.

सरकारी रुग्णालयात व प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘औषध निर्माण अधिकारी’ हे पद असते. मागणीपत्र, साठा नोंदवही, मुदतबाह्य औषधे वेगळी काढणे हा त्याचा रोजचा व्याप. साप चावल्यावरचे प्रतिविष वेळेला हाताशी असणे, हे बरेचसे या वहीवर ठरते.

पदवीधरांना कारखान्यात उत्पादन, गुणवत्ता-तपासणी व संशोधन ही दारे उघडी असतात. वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून फिरतीची नोकरी, अध्यापन आणि अन्न व औषध प्रशासनातील औषध निरीक्षकाचे पदही आहे. औषधांच्या दुष्परिणामांचा मागोवा घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. या कामाच्या नोकऱ्या मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतही मिळतात. फार्म. डी. झालेल्याने वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरून उपचार तपासावेत अशी कल्पना आहे, पण तशी पदे अद्याप बहुतांशी मोठ्या खासगी रुग्णालयांतच दिसतात. अमेरिकेत परवाना हवा असेल, तर १ जानेवारी २००३ पासून पदवी घेतलेल्या परदेशी उमेदवाराचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. चार वर्षांचे बी. फार्म. तिथे पुरत नाही.