ट्रायथलॉन : गुणवत्ताशोध व खेळाडूची दीर्घकालीन जडणघडण (मुंबई उपनगरे)

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे सलग करण्याची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. 2000 साली सिडनीत ती ऑलिंपिकमध्ये आली; तिथे 1.5 किमी पोहणे, 40 किमी सायकल व 10 किमी धाव अशी अंतरे असतात. खेळ तीन असल्याने गुणवत्ताशोध म्हणजे तीन गुणांची बेरीज, असे वाटू शकते. प्रत्यक्षात पहिला टप्पा बाकी दोन्हींवर अंमल करतो. ऑलिंपिक प्रकारात सायकलवर दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याची मुभा असते. पाण्यातून पहिल्या जथ्याबरोबर बाहेर न आलेल्या खेळाडूला वारा कापत एकट्याने पाठलाग करावा लागतो, आणि धाव कितीही चांगली असली तरी ती तूट क्वचितच भरून निघते. शिवाय पाण्याची जाण लहानपणी सहज येते आणि मोठेपणी कष्टाने; दमसास व पायांतली ताकद मात्र विशीनंतरही वाढत राहते. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात या खेळाची सुरुवात तरण तलावावरच व्हायला हवी. निवड मात्र त्या वयात करू नये. लवकर शिकवणे आणि उशिरा निवडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की मुले हातची जातात.

उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या, तर मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या शारीरिक परिपक्वतेत दोन-तीन वर्षांचेही अंतर असू शकते. शालेय क्रीडा स्पर्धांचे 14, 17 व 19 वर्षांखालील गट जन्मतारीख पाहतात, वाढ पाहत नाहीत. चौदाखालील गटात खांदे रुंद झालेला मुलगा पदक नेतो, अजून न वाढलेला आठवा येतो, आणि आपण वाढीलाच गुणवत्ता समजतो. 2021 साली आर्ने ग्युलिश व सहकाऱ्यांनी सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण इथे महत्त्वाचे आहे. जागतिक दर्जाचे प्रौढ खेळाडू राष्ट्रीय पातळीवरच्यांपेक्षा लहानपणी जास्त खेळ खेळलेले, मुख्य खेळाकडे उशिरा वळलेले आणि सुरुवातीला हळू प्रगती केलेले आढळले. कुमारवयात चमकणाऱ्यांचे चित्र नेमके उलटे होते. कॅनडात काम केलेल्या इश्तवान बालयी यांच्या खेळाडूच्या दीर्घकालीन जडणघडणीच्या टप्प्याटप्प्याच्या आराखड्यालाही याचा आधार मिळतो, पण त्यातल्या एका भागावर आक्षेप रास्त आहे. वेग, दमसास यांसाठी ठरावीक वयाच्या ‘खिडक्या’ असतात आणि त्या पुढे बंद होतात, या कल्पनेला पुरेसा पुरावा नाही. चौदाव्या वर्षी मागे पडलेल्या मुलीला ‘आता वेळ गेली’ असे सांगण्याचा अधिकार ही कल्पना कोणत्याही प्रशिक्षकाला देत नाही.

अनेक खेळ ही सधन देशांची चैन आहे, दोन खोल्यांच्या घरातल्या मुलाला एकच खेळ परवडतो, असा एक आक्षेप असतो. तो पुरता पटत नाही. कबड्डी आणि खो-खोमध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा म्हणून राज्य स्पर्धेत उतरतो. शाळेच्या मैदानावर मिळणारी ही पळापळ फुकट आहे आणि धावपटूच्या पायांना तीच हवी असते. अधिक गंभीर आक्षेप जागेचा आहे. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडा संकुल, विलेपार्ल्याचे प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल असे मोठे तलाव मोजकेच. लेन थोड्या असताना सगळ्यांना वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत कसे ठेवायचे? पण त्याच थोड्या लेन बाराव्या वर्षीच्या विजेत्यांना दिल्या तर मोठा हिस्सा केवळ लवकर वाढलेल्यांवर खर्च होतो. आणि सगळ्यांना सहा दिवस पाणी द्यावे लागतही नाही. आठवड्याला तीन तास मिळाले तरी पाण्यावरची पकड टिकते.

सर्वांत मोठी गळती मात्र निवडीने होत नाही, ती दहावीने होते. क्लास सुरू झाला की सकाळची बॅच सुटते, आणि वर्षानुवर्षे पोहलेला मुलगा वाढ पुरी होण्याच्या सुमारास पाण्याबाहेर पडतो. अशी मुले हाच उपनगरातला ट्रायथलॉनचा सर्वांत मोठा साठा आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेची ग्वेन जॉर्गेन्सन विद्यापीठात पोहणारी व धावणारी होती आणि पुढे लेखापाल झाली. 2010 मध्ये तिथल्या ट्रायथलॉन महासंघाने तिला या खेळात आणले. 2012 ला लंडनमध्ये ती 38 वी आली, 2016 ला रिओत सुवर्ण जिंकली. हे उदाहरण अपवादात्मक आहे, हे मान्यच. पण तिच्या यशाखाली बालपणापासूनचे पोहणे होते, आणि ती खेळ बदलत असताना कोणीतरी तिला शोधत आले. आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशावेळी जुन्या जलतरणपटूला असा फोन कोणी करत नाही, ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते.

सायकल आणि खुले पाणी उशिरा आणता येते, आणि इथे ते उशिराच येणार. आरेचे चढउतार, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ, पहाटेचा पूर्व द्रुतगती मार्ग हे सरावाचे रस्ते; रहदारी लक्षात घेता शाळकरी मुलांना त्यांवर एकटे सोडणे धोक्याचे. विहार व तुळशी तलाव शहराला पिण्याचे पाणी पुरवतात, पवईत मगरी आहेत. त्यामुळे लाटा, गर्दी आणि दिशा साधत पोहण्याचा अनुभव घ्यायला मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेसारख्या ठिकाणी प्रवास करावा लागतो. तोवर तरण तलावावर एक स्वस्त साधन पुरते: भिंतीवरची मोजपट्टी. दर तीन महिन्यांनी उभी व बसलेली उंची आणि वजन नोंदवले, तर मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. त्यासाठीची सूत्रे परदेशी मुलांच्या मापांवरून बेतलेली असल्याने आकड्याचा कीस पाडू नये; उंचीची रेषा कधी चढली आणि कधी सपाट झाली एवढे वहीत दिसले, तरी त्या वेगवान वाढीच्या काळात सरावाचा भार कमी ठेवता येतो आणि आठव्या आलेल्या मुलाची चाचणी दोन वर्षांनी पुन्हा घेता येते.