काठाची धार आणि लांब जाण्याची हाव

डिस्क गोल्फ खेळायला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुठला ड्रायव्हर घेऊ म्हणजे तबकडी अजून लांब जाईल? (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे गोल्फच, फक्त काठी-चेंडूच्या जागी तबकडी आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. ड्रायव्हर म्हणजे पहिल्या लांब फेकीची तबकडी.) इनोव्हाच्या तबकड्यांना चार आकडे दिलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. गिगाहर्ट्झ बघून कॉम्प्युटर घेणारी आपली जमात अर्थातच पहिला आकडा बघते आणि १३ वाली उचलते. ती हातातून सुटते, जरा पुढे जाते आणि गपकन डावीकडे वळून झुडपात! असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९३७ साली कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाचा पोरगा पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण मैत्रिणीबरोबर फेकत होता. झाकणाला पोचे पडले म्हणून पुढे केक भाजायचा पत्र्याचा साचा आला. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर कुणीतरी त्या साच्याचे २५ सेंट देऊ केले. दुकानात तो ५ सेंटला मिळायचा. पाचपट! धंदा तिथेच सुरू झाला. मग युद्ध आलं, मॉरिसनने पी-४७ विमानं उडवली, युद्धकैदी झाला, परत आला आणि १९४८ मध्ये वॉरन फ्रान्सिओनीबरोबर प्लॅस्टिकची तबकडी काढली. १९५५ ची 'प्लूटो प्लॅटर' १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने घेतली आणि तिचं बारसं 'फ्रिस्बी' असं केलं. ब्रिजपोर्टच्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या थाळ्या पोरं फेकायची, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. मॉरिसनला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. रॉयल्टी मात्र आवडली असावी :-)

व्हॅम-ओमधल्या एड हेडरिकने १९६४ मध्ये तबकडीच्या पाठीवर बारीक गोल कंगोरे आणले, म्हणजे ती हवेत कमी डगमगेल. १९६७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १९७५ मध्ये त्याने लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला रीतसर कोर्स आखला, १९७६ मध्ये पीडीजीए ही संघटना काढली, आणि टोपलीचं पेटंटही त्याचंच. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली गेली. याला म्हणतात डेडिकेशन. असो.

पण गंमत अशी की तोपर्यंतच्या तबकड्या म्हणजे शेवटी झाकणंच होती. जाड, गोलसर, बोथट कड. झेलायला मस्त, पण हवा कापायला वाईट. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेसने हे बदललं. त्याने 'ईगल' नावाची तबकडी काढली आणि तिची कड पाचरीसारखी निमुळती केली. हवेचा अडथळा कमी झाला. शिवाय जास्तीत जास्त वजन काठाकडे गेल्यामुळे गिरकी जास्त वेळ टिकते, हे आपल्याला बारावीच्या फिजिक्समधून आठवत असेलच. त्याच वर्षी इनोव्हा कंपनी उभी राहिली आणि १९८६ मध्ये पेटंट मिळालं. माझ्या मते या खेळाचे दोनच कालखंड आहेत, ईगलच्या आधीचा आणि नंतरचा. त्या दिवसापासून ती झेलायची वस्तू राहिली नाही.

मग सुरू झाली काठाची शर्यत. रिम जितकी रुंद, तितकी पाचर लांब आणि तितका स्पीडचा आकडा मोठा. पीडीजीएला नियम घालावे लागले: व्यास किमान २१ सेंमी, वजन व्यासाच्या दर सेंमीला ८.३ ग्रॅमपर्यंत (म्हणून बहुतेक ड्रायव्हर १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतात), रिम २.६ सेंमीपर्यंत. काठ किती धारदार असावा यालाही मर्यादा आहे. बरोबरच आहे, हा खेळ सार्वजनिक बागेत चालतो, शेजारून लोक कुत्री फिरवत असतात.

२००२ मध्ये ख्रिश्चन सँडस्ट्रॉमने 'वाल्किरी'ने २५० मीटर गाठले. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियरने नेवाडात ३३८ मीटर! हे ऐकून 'बॉस' विकत घ्यायला धावू नका. एक तर ती सुकलेल्या तळ्याच्या सपाट जमिनीवर, जोरदार वाऱ्याच्या पाठबळावर फेकलेली होती. दुसरं, ती 'ब्लिझर्ड' बॉस होती, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये बारीक हवेचे बुडबुडे सोडून हलकी केलेली. तिसरं म्हणजे विगिन्सचा हात.

आता मूळ प्रश्न. 'स्पीड' हे नावच फसवं आहे. तबकडी तुम्हाला किती वेग देईल ते तो आकडा सांगत नाही, ती तुमच्याकडे किती वेग मागते ते सांगतो. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी वरून बघितली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. वेग भरपूर असेल तर हवा तिचं नाक खाली दाबू बघते, पण फिरत्या वस्तूवर त्याचा परिणाम नव्वद अंशांनी बाजूला होतो, म्हणून ती उजवीकडे कलते. हा टर्न. वेग मंदावला की नाक वर ढकललं जातं आणि ती डावीकडे कलते. तो फेड. बॉसला (१३, ५, -१, ३) लागणारा वेग आपण दिलाच नाही, तर टर्न येतच नाही, उरतो फक्त तो ३ चा फेड. म्हणून झुडूप.

त्यापेक्षा 'लेपर्ड' (६, ५, -२, १) घ्या, शक्यतो दीडशे-एकशे साठ ग्रॅमची. ती कमी वेगातही आधी थोडी उजवीकडे जाऊन मग परत येते, आणि त्या नागमोडी वळणातच अंतर मिळतं. ती रोज उजवीकडे उलटायला लागली की वाल्किरी (९, ४, -२, २). बॉसचं त्यानंतर बघू. आणि फेकताना नाक वर राहत नाहीये ना ते आधी तपासा, त्यासाठी एखादा साधा पटर पुरतो आणि तो बराच स्वस्तही पडतो.