मोफत आणि मोकळें

लंडनच्या प्रवासांत ज्याची पिशवी हलकी असते, त्यास पावलोपावलीं हिशेब करावा लागतो. खोलीचें भाडें, आगगाडीचें तिकीट, साधा चहाचा पेला. प्रत्येकाची किंमत तो मनांतल्या मनांत रुपयांत मोजतो आणि हात आंखडता घेतो. अशा प्रवाशास ब्लूम्सबरींतील ब्रिटिश म्यूझियमचा मोठाच आधार वाटतो. खास प्रदर्शनांस तेथें तिकीट पडतें. पण नित्याचीं दालनें पाहण्यास कोणी पैसे मागत नाहीं. हें औदार्य पहिल्यापासून असेंच होतें काय? इतिहास पाहतां मोफत आणि मोकळें हे दोन शब्द एकार्थी नाहींत, असें आढळून येतें.

सर हॅन्स स्लोन हा लंडनचा नामांकित वैद्य. ग्रंथ, हस्तलिखितें, नाणीं, वाळविलेल्या वनस्पती अशा सत्तर हजारांहून अधिक वस्तु त्यानें जन्मभर जमविल्या. 1753 सालीं तो वारला. वारसांस 20,000 पौंड देऊन हा संग्रह राष्ट्रानें घ्यावा, अशी त्याच्या मृत्युपत्रांत योजना होती. पार्लमेंटानें त्याच वर्षीं कायदा केला. मात्र सरकारी तिजोरींतून रक्कम न देतां सोडत काढून पैसा उभारला. म्हणजे हें सरस्वतीचें मंदिर लोकांच्या द्रव्यलोभावर उभें राहिलें! 15 जानेवारी 1759 रोजीं माँटेग्यू हाउस या जुन्या वाड्यांत तें उघडलें. अभ्यासू व जिज्ञासू अशा सर्वांस विनामूल्य प्रवेश, हें त्याचें तत्त्व होतें.

तत्त्व थोर खरें, परंतु व्यवहार निराळा होता. येणारानें द्वारपालाकडे आपलें नांव, दर्जा व राहण्याचें ठिकाण लिहून द्यावें. वरिष्ठांची संमति मिळाल्यावर तिकिटासाठीं पुन्हां यावें. आणि नेमलेल्या वेळीं लहानशा टोळीबरोबर वाटाड्या नेईल तिकडे जावें, असा क्रम होता. बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता विल्यम हटन 1784 सालीं तेथें गेला. लहानपणीं रेशमाच्या गिरणींत राबून स्वकष्टानें वर आलेला हा गृहस्थ. त्यास तें मोफत तिकीट दुसऱ्याकडून जवळजवळ दोन शिलिंग देऊन घ्यावें लागलें. आंत गेल्यावर सुमारें अर्ध्या तासांत सारी टोळी दालनांतून हांकून बाहेर काढण्यांत आली. आपण काय पाहिलें हें त्यास कळलेंच नाहीं.

पुढें तिकिटांची पद्धति गेली आणि 1810 पासून नीटनेटक्या पोषाखाच्या मनुष्यास आठवड्यांतून तीन दिवस सरळ आंत जातां येऊं लागलें. परंतु कामकऱ्यास फुरसत सुटीच्या दिवशीं, आणि नेमकें त्याच दिवशीं दार बंद! लोकांची झुंबड उडून नासधूस होईल, ही भीति चालकांच्या मनांतून जात नव्हती. अखेर 1837 सालच्या ईस्टरच्या सोमवारीं दार उघडलें. वीस हजारांवर लोक आले, आणि कसलीहि नासधूस झाली नाहीं. रविवार मोकळा होण्यास मात्र 1896 साल उजाडावें लागलें.

मिळालेला हक्क कायमचाच असतो, असेंहि नाहीं. 1974 च्या आरंभीं सरकारनें राष्ट्रीय संग्रहालयांस प्रवेशमूल्य लाविलें. तें तीनच महिन्यांत रद्द झालें. पुढें लंडनांतील इतर कांहीं मोठ्या संग्रहालयांनीं पैसे घेण्यास सुरुवात केली, आणि 1 डिसेंबर 2001 पासून तीं पुन्हां मोफत झालीं. दार फुकट दिसलें तरी खर्च असतोच. त्याचा बराचसा भाग तेथील करदाते सोसतात, इतकेंच.

आणि आम्हां भारतीयांस तर आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. आंध्रांतील अमरावतीच्या—आमच्या वऱ्हाडांतल्या नव्हे—स्तूपाचीं शुभ्र शिल्पें याच म्यूझियमांत आहेत. इंग्रजी अमलांत तीं तेथें गेलीं. ज्या कृष्णेच्या तीरावर तीं घडलीं, तेथील शेतकऱ्यास तीं पाहण्यास दारांत एक पैहि पडत नाहीं. परंतु त्या दारापर्यंत पोंचण्याचें भाडें त्यास कोण देणार? त्याच्यापुरतें तें दार मोफत असूनहि मोकळें नाहीं.

तरीहि जो तेथवर पोंचला, त्यानें या सोयीचा खरा उपयोग ओळखावा. तिकीट काढलेला मनुष्य पैसे वसूल करण्यासाठीं दिवसभर धांवतो आणि हटनासारखाच भांबावून बाहेर पडतो. ज्यास कांहींच द्यावें लागलें नाहीं, त्यास एकाच दालनांत, एकाच मूर्तीपुढें अर्धा तास स्वस्थ उभें राहून परत जातां येतें, आणि मनास वाटल्यास उद्यां पुन्हां येतां येतें. हटनास जें मिळालें नाहीं, तें हेंच.