लाक्मे : मादो रोबँचे ध्वनिमुद्रण
लेओ दलीब यांचा फ्रेंच ऑपेरा (पॅरिस, 1883). पुजारी नीलकंठाची कन्या लाक्मे इंग्रज अधिकाऱ्यावर जीव जडवते आणि अखेर धोतरा खाऊन प्राण देते. सोप्रानो मादो रोबँ (1918–60) हिचे, जॉर्ज सेबास्तियन यांच्या संचालनाखालील 1952 चे ध्वनिमुद्रण रसिकाने ऐकायलाच हवे. दुसऱ्या अंकात, त्या अधिकाऱ्याला हुडकण्यासाठी बाप लाक्मेला भर बाजारात गायला लावतो. तिथे ती गाते त्या घंटागीताचा आरंभ शब्दांविना, वाद्यवृंदाच्या साथीविना, निव्वळ आकारात होतो; मग तुटक, लखलखीत स्वरांतून घंटा किणकिणू लागतात. अतितार स्वरांतही रोबँचा आवाज चिरकत नाही, हे विलक्षणच! लाक्मे याच नायिकेचे नाव टाटांनी 1952 मध्ये आपल्या सौंदर्यप्रसाधनांना दिले.