‘कोब्रा’चा दोष सगळ्यांच्या माथी का?

ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या पिढीतल्या विनाशिकांबद्दल एक मत इतके रुळून गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्या नौका म्हणजे अवाढव्य यंत्रांभोवती गुंडाळलेला पातळ पत्रा. शांत पाण्यात, मोजून ठेवलेल्या मैलभर अंतरात तीस नॉटचा वेग दाखवायचा, वर्तमानपत्रांत वाहवा मिळवायची आणि खरा समुद्र लागला की मोडून पडायचे, एवढेच त्यांचे कर्तृत्व. हा झाला पूर्वपक्ष. त्याचा आधार विचारला की बहुतेक वेळा एकच नाव पुढे येते: ‘कोब्रा’.

या नौकांवर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यात दोष होते आणि ते गंभीर होते. पण ज्या दोषासाठी त्या बदनाम झाल्या, तो त्यांचा नव्हता.

आधी ‘कोब्रा’. न्यूकॅसलजवळच्या एल्सविक येथे आर्मस्ट्राँग कंपनीने ही नौका नौदलाची मागणी नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर बांधली. जून १८९९ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९०० साली नौदलाने ती विकत घेतली. चार्ल्स पार्सन्सची वाफेची टर्बाइन तिच्यात बसवली होती, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे होते. १७ सप्टेंबर १९०१ रोजी टाइन नदीतून निघून ती पोर्ट्समथच्या वाटेला लागली. रात्री समुद्र खवळला. १८ तारखेच्या सकाळी आउटर डाउसिंगच्या दीपनौकेजवळ तिचे दोन तुकडे झाले. नौदलाचे ४४ आणि कंत्राटदारांचे २३, अशी ६७ माणसे गेली, वाचली १२. त्याआधी दीडच महिना दुसरी टर्बाइन विनाशिका ‘व्हायपर’ दाट धुक्यात ऑल्डर्नी बेटाजवळच्या खडकांवर चढून फुटली होती. दोन्ही नावे सापांची, दोन्ही यंत्रे नवी, दोन्ही अपघात एकाच उन्हाळ्यातले. लोकांच्या मनात या नौकांविषयी धास्ती बसायला एवढे पुरेसे होते.

त्याच वर्षी पोर्ट्समथला लष्करी न्यायालय बसले. नौकेने पाण्याखालच्या एखाद्या अडथळ्याला धडक दिली असावी, अशी शंका घेतली गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. नौका तळाला लागली नाही, कशावर आदळली नाही, नौकानयनात चूक नव्हती. बांधणीतल्या कमकुवतपणामुळे ती बुडाली, असा निर्णय झाला. पूर्वपक्षाच्या लोकांना निर्णयाचा एवढाच भाग पाठ असतो. पण निर्णय इथे संपत नाही. ‘कोब्रा’ इतर विनाशिकांपेक्षा कमकुवत होती आणि ते पाहता ती विकत घेतली गेली ही खेदाची गोष्ट आहे, असेही न्यायालयाने नोंदवले.

हे दुसरे वाक्य नीट वाचले की पूर्वपक्षाचा मुख्य पुरावाच त्याच्या विरुद्ध उलटतो. जी नौका इतरांपेक्षा कमकुवत म्हणून ठरवली गेली, तिच्यावरून इतरांच्या कमकुवतपणाचे अनुमान काढता येत नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हेतूच विरुद्ध पडला. निर्णयाचा अर्धा भाग उचलायचा आणि अर्धा सोडायचा, हे अभ्यासकाला शोभत नाही. पण विनाशिकांच्या इतिहासावरच्या कितीतरी लेखनात नेमके हेच घडले आहे.

अर्थात न्यायालयाचे म्हणणे म्हणजे शास्त्रीय प्रमाण नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. ‘इतरांपेक्षा कमकुवत’ म्हणायचे तर इतर किती मजबूत होत्या, हे कोणी मोजले होते? त्या क्षणी कोणीच नाही. म्हणूनच नौदलाने विनाशिकांच्या मजबुतीची चौकशी करायला समिती नेमली आणि तिच्या कामासाठी एक नौका निवडली. ती ‘वुल्फ’. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार हीच नौका आहे, आणि तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

‘वुल्फ’ बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यात बांधली गेली आणि २ जून १८९७ रोजी पाण्यात उतरली. चार धुरांडी, सुमारे ६,००० अश्वशक्तीची यंत्रे, ३६० टनांच्या आसपास वजन, लांबी दोनशे फुटांहून थोडी जास्त आणि रुंदी जेमतेम एकवीस-बावीस फूट. एक बारा-पाउंडी तोफ, पाच सहा-पाउंडी तोफा, दोन पाणतीर-नळ्या. म्हणजे तीस नॉटच्या वर्गातली अगदी नेहमीची नौका. तिच्या नावावर मोठी लढाई नाही, आणि परीक्षेसाठी अशीच नौका हवी होती.

परीक्षा कशी घ्यायची? त्या काळी नौकेची मजबुती कागदावर अशी काढत: नौकेच्या लांबीइतकीच लांब एक लाट कल्पायची, तिची उंची लांबीच्या विसाव्या भागाइतकी धरायची. ‘वुल्फ’साठी ही उंची साडेदहा फुटांच्या आसपास येते. मग नौका या लाटेवर दोन प्रकारे ठेवून पाहायची. एकदा लाटेचा माथा नौकेच्या मध्याखाली, म्हणजे दोन्ही टोके निराधार लोंबतात, डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो. दुसऱ्यांदा दोन माथे दोन टोकांखाली आणि खळगा मध्ये, म्हणजे पोट खाली झुकते आणि सगळे उलट होते. पोलादावर किती ताण येईल याचा हिशोब त्यातून निघतो. पण नौका हजारो रिव्हेटांनी जोडलेल्या पत्र्यांची असते, खळबळणाऱ्या पाण्यात धावते, आणि लाटा कोणाच्या गणिताला विचारून येत नाहीत. हिशोबातला ताण आणि खरा ताण यांचे नाते काय, हे तोवर कोणीही पूर्ण आकाराच्या नौकेवर ताडून पाहिलेले नव्हते.

‘वुल्फ’वर ते झाले. पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत तिला आधी मध्यावरच्या एका आधारावर बसवले, मग दोन टोकांजवळच्या दोन आधारांवर. प्रत्येक वेळी गोदीतले पाणी टप्प्याटप्प्याने उतरवत नेले. पाणी उतरेल तसतसा नौकेचा भार पाण्याऐवजी त्या आधारांवर येत गेला आणि डेक, बाजू, तळ अशा जागोजागी बसवलेल्या उपकरणांनी पत्र्यात पडणारा केसाएवढा ताण-दाब नोंदवला. शिवाय नौका मध्ये किती वाकते, हेही मोजले. एवढ्यावर न थांबता तिला मुद्दाम वाईट हवामान गाठायला समुद्रात पाठवले आणि तीच उपकरणे लावून लाटांत धावताना नोंदी घेतल्या. ग्लासगोचे प्राध्यापक जॉन बाइल्स यांनी या प्रयोगांवरचा सविस्तर निबंध १९०५ साली नौकास्थापत्यकारांच्या संस्थेपुढे वाचला.

निष्कर्ष दोन. पहिला असा की प्रत्यक्षात मोजलेला ताण हिशोबातल्या ताणापेक्षा कमी भरला. कल्पित लाटेचा हिशोब नौकेला सोयीचा नव्हता, तिच्यावर कडक होता. त्या कडक हिशोबावर उतरलेली नौका खऱ्या समुद्रात मोडण्याच्या जवळपासही पोचत नव्हती. दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. अखंड पोलाद धरून गणित केले तर नौका जितकी वाकायला हवी, त्यापेक्षा ती जास्त वाकत होती. याचे कारण सांधे. रिव्हेटने जोडलेला पत्रा भार आला की सूक्ष्म सरकतो, आणि शेकडो सांध्यांचे हे सरकणे मिळून सबंध नौका लवचीक होते.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार म्हणजे खलाशांचे अनुभव. या निष्कर्षाने त्याचा उलगडा होतो. डेक पायाखाली हलताना दिसतो, लाट आली की नौका वेतासारखी लवते, बाजूचा पत्रा धडधडतो, असे सांगणारे खलाशी खरेच सांगत होते. चूक त्यांच्या सांगण्यात नाही, त्यावरून ‘ही मोडणार’ असे अनुमान काढण्यात आहे. वाकणे आणि मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विनाशिका वाकत होत्या. धडधडीचे कारण तर सांगाड्यापेक्षा यंत्रांत जास्त होते. मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे घेणारी दट्ट्यांची यंत्रे आणि त्यांचे असमतोल भाग पातळ पत्र्याच्या नौकेला अखंड हादरवत असत. आल्फ्रेड यारो यांनी यंत्रे समतोल करण्याच्या कामात इतका जीव ओतला तो याचसाठी.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर तेही मान्य करायला हवे: या नौकांत माणसे मेली ती बहुधा यंत्रांमुळे, लाटांमुळे नव्हे. १८९९ मध्ये ‘बुलफिंच’च्या वेगचाचणीत इंजिनाचा दांडा तुटला आणि यंत्रखोलीतली माणसे भाजून मेली. ‘शॅम्वा’ ही विनाशिका १९०४ साली पात्रासच्या आखातात बुडाली, ती तिच्याच पंख्याच्या तुटलेल्या पात्याने तळ फाडल्यामुळे. तीस नॉट हा आकडाही मला तितकाच खटकतो. चाचणीच्या वेळी नौका हलकी ठेवलेली असे, कोळसा निवडून आणलेला, भट्टीवर कारखान्याचे सरावलेले लोक. कोठारे भरून, दमलेल्या खलाशांनिशी समुद्रात निघाली की ती तीस नॉट गाठत नसे. कासवाच्या पाठीसारखी उतरती नाळ लाट अंगावर घेई आणि पुलावरचा अधिकारी भिजून जाई. यातला एकही आरोप मी नाकारत नाही. मी नाकारतो तो एवढाच, की त्या मोडत होत्या.

‘वुल्फ’ एकटीवरून मी हे म्हणत असेन तर पूर्वपक्षाचीच चूक मी उलट्या बाजूने करेन. नौदल वेग आणि अटी ठरवून द्यायचे, आराखडा प्रत्येक कारखान्याचा स्वतःचा. म्हणून लेअर्डची मजबूत नौका पामर्स किंवा थॉर्निक्रॉफ्टच्या नौकेची ग्वाही देऊ शकत नाही. मग त्यांच्या नोकरीचा इतिहास पाहावा. १८९३ च्या ‘हॅवॉक’पासून ब्रिटनने अशा शंभराहून जास्त नौका बांधल्या. त्यांपैकी गमावलेल्यांची यादी चाळली की कारणे अशी दिसतात: खडक, बंधारा, टक्कर, पाणसुरुंग, पाणतीर, शत्रूच्या तोफा. ‘स्पॅरोहॉक’ १९०४ मध्ये यांगत्सेच्या मुखाशी खडकावर गेली. ‘एरियल’ १९०७ मध्ये माल्टाच्या बंधाऱ्यावर आदळली. ‘टायगर’ला १९०८ मध्ये ‘बर्विक’ या क्रूझरने मध्येच कापले. ‘लाइटनिंग’ १९१५ मध्ये पाणसुरुंगावर गेली, ‘फ्लर्ट’ १९१६ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत जर्मन विनाशिकांच्या तावडीत सापडली. लाटांनी दोन तुकडे केले अशी नौका या सगळ्या यादीत एकच आहे, आणि ती ‘कोब्रा’.

शिवाय या नौका बंदरात बांधून ठेवलेल्या नव्हत्या. काही चीनच्या समुद्रात गेल्या, काही पार कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एस्क्विमॉल्टला. १७ जून १९०० रोजी पहाटे, ताकूच्या किल्ल्यांवरची लढाई चालू असताना, ‘फेम’ आणि ‘व्हाइटिंग’ या दोन तीस-नॉटी विनाशिका पैहो नदीत शिरल्या आणि जर्मनीत बांधलेल्या चार चिनी विनाशिका ताब्यात घेऊन आल्या. ‘फेम’चा कप्तान रॉजर कीज, अठरा वर्षांनी झेब्रुगेचा हल्ला ज्याने आखला तोच हा.

मला सर्वांत बोलकी वाटते ती ‘फेअरी’ची हकीकत. ग्लासगोजवळच्या गोव्हनला फेअरफिल्ड कारखान्यात ती १८९७ च्या मेमध्ये पाण्यात उतरली; म्हणजे ‘वुल्फ’च्या चारच दिवस आधी. एकवीस वर्षांनी, १९१८ च्या मेच्या अखेरीस, उत्तर समुद्रात एका तांड्याचे रक्षण करताना तिच्यासमोर ‘यूसी ७५’ ही जर्मन पाणबुडी आली. तांड्यातल्या एका व्यापारी जहाजाची टक्कर बसून पाणबुडी वर आलेली होती. आपलीच तर नाही ना, अशी शंका घेऊन ‘फेअरी’ने आधी तिच्या पिछाडीवर हलकेच धडक दिली. शत्रूची आहे हे कळल्यावर तोफा चालवल्या, आणि मग पूर्ण वेगाने नाळ तिच्यावर घातली. पाणबुडी बुडाली. एकवीस वर्षांच्या त्या जुन्या नौकेची नाळ मोडली आणि थोड्या वेळाने ‘फेअरी’ही बुडाली. जिला समुद्राच्या लाटेने मोडायला हवे होते, असे पूर्वपक्ष म्हणतो, तिला मोडण्यासाठी पोलादी पाणबुडीवर स्वतःहून आदळावे लागले.

एक शेवटचा आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. या नौका इतक्या मजबूत होत्या तर १९०३ पासून नौदलाने नद्यांच्या नावांचा नवा वर्ग का आणला, आणि जुना आराखडा का सोडला? उत्तर त्या नव्या वर्गाच्या आराखड्यातच आहे. त्यात नाळेकडचा डेक उंच केला, वजन साडेपाचशे टनांच्या घरात नेले, आणि वेगाची मागणी तीसवरून साडेपंचवीस नॉटवर आणली, पण तो वेग भरलेल्या नौकेने दाखवायचा अशी अट घातली. म्हणजे भिजणारी नाळ आणि फसवा आकडा, हे दोन खरे दोष दूर केले गेले. नवे यंत्रही टाकून दिले नाही: त्याच वर्गातल्या ‘ईडन’मध्ये टर्बाइन बसली, आणि १९०६ साली पाण्यात उतरलेल्या ‘ड्रेडनॉट’ या प्रचंड युद्धनौकेतही. जुन्या तीस-नॉटी नौकांना १९१३ मध्ये अक्षरांचे वर्ग मिळाले, चार धुरांड्यांची ‘वुल्फ’ ‘बी’ वर्गात गेली, आणि महायुद्ध संपेपर्यंत त्या ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती गस्त घालत राहिल्या. ज्या ‘वुल्फ’ला गोदीतल्या आधारांवर वाकवून पाहिले, तिला नौदलाने १९२१ साली भंगारात विकले, तोवर ती चोवीस वर्षांची झाली होती.