सहा पायांचे सभासद

स्मरणिका समितीने मला 'आपल्या बागेचा इतिहास' लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. पंचवीस वर्षांच्या वह्यांत बागेचे उल्लेख सापडले ते असे: माळ्याचा पगार, पाण्याची मोटार, तुटलेला झोपाळा, पुन्हा माळ्याचा पगार. एवढ्यावर इतिहास लिहिला असता तर अर्ध्या पानात आटोपला असता. मग घरी येऊन पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात माझे फोटोंचे अल्बम आहेत. माणसांचे थोडे आणि किड्यांचे फार, अशी सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. पण बागेत कधी काय होतं आणि कधी काय नाहीसं झालं, याची खरी नोंद या अल्बममध्येच सापडली. म्हणून हा इतिहास आपल्या सहा पायांच्या सभासदांच्या बाजूने लिहितो आहे. समितीने गोड मानून घ्यावा.

१९९९ च्या उन्हाळ्यात आपल्याला ताबा मिळाला. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी घर, म्हणून आम्ही हरखलो होतो. पण बागेसाठी राखलेल्या जागेत विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांशिवाय काही नव्हतं. जूनमध्ये पाऊस पडला आणि कोणी न लावता तिथे टाकळा उगवला. बी विंगमधल्या आजींनी कोवळी पानं खुडून भाजी केली आणि चार घरी वाटली. जुन्या सभासदांना ती आठवत असेल. उरलेला टाकळा गुडघाभर वाढला आणि श्रावणात त्याच्यावर छोटी पिवळी फुलपाखरं भिरभिरायला लागली. ती टाकळ्याच्या पानांवर अंडी घालायला येतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी फक्त फोटो काढला. तो आजही पेटीत आहे. हिरव्या रंगावर एक पिवळा ठिपका, तोही हललेला! आपल्या बागेचा हा पहिला फोटो.

तो काळ रोलचा होता, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. ते संपेपर्यंत थांबायचं, मग धुवायला द्यायचे, आणि पाकीट उघडल्यावर कळायचं की तीस वाया गेले. किडा जवळून टिपायचा तर खास लेन्स हवी, आणि ती माझ्या पगारात बसणारी नव्हती. मग एका जाणकाराने युक्ती सांगितली. एक स्वस्तातली रिंग घेऊन साधी लेन्स कॅमेऱ्याला उलटी बसवायची. ती भिंगासारखी काम करते, मुंगी मुठीएवढी दिसते. पण त्यात अंतर इतकं कमी राहतं की डोळा स्पष्ट आला तर शेपूट धूसर येते. वारा सुटला, आपला श्वास जोरात झाला, तरी फोटो गेला. म्हणून सकाळी सहाला जायचं. रात्रीच्या गारव्याने किडे सुस्त असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. फ्लॅशचा उजेड डोळ्यांवर चमकू नये म्हणून पुढे बटर पेपर लावायचा. ओल्या गवतात पालथा पडलेला मी आणि फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी, हे दृश्य आपल्याकडे नेहमीचं झालं. 'काका पडले का?' असं विचारत वॉचमन दोनदा धावत आला होता.

हा नाद आपल्या भागात काही नवा नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, निसर्गाची आवड असलेले आठ मुंबईकर जमले आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. आठांतले दोघे आपले होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. उरलेल्यांत एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा; नोकरी कस्टम आणि मीठ खात्याची. त्याच १८८३ साली त्याचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आलं. त्यात वाघ-सिंह नाहीत. बंगल्यात आणि बंगल्याभोवती राहणारे उंदीर, पाली, मुंग्या, कावळे हेच त्याचे शेजारी. ते वाचून मला वाटलं, या साहेबाने जणू आपल्या सोसायटीवरच लिहिलं आहे.

पुढे एटकेन, कारवारचे कलेक्टर डेव्हिडसन आणि जंगल खात्यातले बेल या तिघांनी कारवारच्या जंगलात फुलपाखरांवर मोठं काम केलं. नुसती पकडून टाचणीला लावली नाहीत. सुरवंट आणून वाढवले, कोणता सुरवंट कोणत्या झाडाचं पान खातो ते लिहून ठेवलं. आज आपण 'लिंबावर अमुक, कढीपत्त्यावर तमुक' असं सहज बोलतो, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची चिकाटी आहे.

आपल्या बागेत हे ज्ञान कामी आलं ते २००३-०४ च्या सुमारास. पहिल्या वृक्षारोपणातलं लिंबाचं झाड तेव्हा छातीएवढं झालं होतं, पण पानं सारखी कुरतडलेली. माळी औषध फवारायला निघाला. मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितलं आणि मुलांना बोलावलं. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसत होतं. काडी लावली तर ते हललं! तो लिंबू फुलपाखराचा लहान सुरवंट. कोणी खाऊ नये म्हणून त्याने घेतलेलं हे सोंग. मोठा झाला की तो पानासारखा हिरवा होतो, आणि डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढून घाणेरडा वास सोडतो. मुलांनी त्याला काचेच्या बरणीत ठेवलं, रोज ताजी पानं घातली. एके सकाळी शाळेची बस चुकवून दहा-बारा मुलं आमच्या दारात उभी होती, कारण कोशातून फुलपाखरू बाहेर येत होतं. त्या दिवशी पालकांची बोलणी मी खाल्ली. पण लिंबावरची फवारणी कायमची थांबली.

त्याच सुमारास आमच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारणीने मातीचं घर केलं. कुंभारीण म्हणजे ती चिमटीएवढ्या कमरेची गांधीलमाशी. लहानपणी आजी सांगायची की ती अळी आणून घरात कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि शेवटी तीच कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीर्तनांत 'कीटकभृंगी न्याय' म्हणून हा दृष्टांत आपण ऐकलेला असतो. मी महिनाभर फोटो काढले. अळी कुंभारीण होत नाही. कुंभारीण तिला नांगी मारून लुळी करते, घरात स्वतःचं एक अंडं घालते आणि तोंड लिंपते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन वाढतं. आजी तेव्हा हयात होती. फोटो बघून म्हणाली, "म्हणजे ध्यान नव्हतंच का रे ते?" मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं. पण आजीचं निरीक्षण निम्मं बरोबर होतं: अळी आत जाते, कुंभारीण बाहेर येते. मधलं तेवढं दिसलेलं नव्हतं.

आता या इतिहासातला अवघड भाग. तो इतिवृत्तात दोन ओळींत आहे, पण मला सविस्तर लिहायला हवा.

२०१० च्या सप्टेंबरात आमच्याच सी विंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत गेल्या. पाच दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता. त्यातले दोन दिवस असे होते, की लिफ्टमध्ये भेटलेलं माणूस एकमेकांशी बोलत नव्हतं. पोरगं सुखरूप घरी आलं आणि लगेच विशेष सभा लागली. त्याची आई उभी राहिली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुमच्या फुलपाखरांपायी आमची मुलं आजारी पडायची का?" सभागृहात शांतता. झुडपं साफ करा, लिंबू-कढीपत्ता तोडा, दर आठवड्याला धुरळणी करा, अशा सूचना आल्या. मी सांगितलं की डेंग्यूचा डास झुडपात अंडी घालत नाही, घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात घालतो. माझं म्हणणं खरं होतं, पण त्या आईसमोर ते ज्ञान पाजळल्यासारखं वाटलं. धुरळणीचा ठराव मंजूर झाला. झाडं तोडण्याचा निर्णय महिन्यावर ढकलला.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि सोसायटीतली तीन मोठी मुलं बॅटरी घेऊन फिरलो. पार्किंगमधला जुना टायर, गच्चीवरच्या ताडपत्रीची खोळ, दोन घरांतल्या फ्रिजमागचे ट्रे, सगळीकडे अळ्या. माझ्या घरात काही नसणार याची मला खात्रीच होती. तरी मुलांपुढे आदर्श म्हणून बाल्कनीतल्या कुंड्या उचलल्या. सुरवंटांसाठी हौसेने वाढवलेला कढीपत्ता, पानफुटी, रुई, आणि प्रत्येक कुंडीखाली पाण्याची बशी. तिसऱ्या बशीत बॅटरीचा उजेड पडला आणि बारीक स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत खाली गेल्या. मुलं माझ्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही. कॅमेरा आणला, उलटी लेन्स लावली आणि फोटो काढले. माझ्या अल्बममधले सर्वांत स्पष्ट आलेले फोटो तेच आहेत.

खालच्या मुलाला चावलेला डास माझ्या बशीतला होता की टायरमधला, हे कोणालाच सांगता येणार नाही. पुढच्या सभेत मी ते फोटो भिंतीवर दाखवले आणि ही माझी बाल्कनी आहे, असं सांगून माफी मागितली. मग जे समजून घेतलं होतं ते मांडलं. हा डास दिवसा चावतो, पायांवर पांढरे पट्टे असतात. मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते. पाणी सुकलं तरी अंडी कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला तर साखळी तुटते. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. चार धुरळण्यांनंतर पार्किंगमध्ये मेलेले चतुर मी गोळा केले होते, तेही दाखवले. चतुर उडताना डास खातो आणि त्याची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. म्हणजे आपण आपलेच पहारेकरी मारत होतो.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, तो असंख्य डास सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहिल्यावर. आणि फुलपाखरांच्या मागे फिरणारे आपले एटकेनसाहेब पुढे कस्टमच्या नाक्यांवरच्या मलेरियाचा शोध घेत गोवा-कारवारच्या किनाऱ्याने हिंडले. त्या फिरतीत सापडलेल्या डासाच्या एका जातीला त्यांचंच नाव दिलं गेलं, 'अ‍ॅनॉफिलिस एटकेनाय'. किड्यांकडे बघायचं तर आवडत्या आणि नावडत्या दोघांकडेही बघावं लागतं. मी अकरा वर्षं फक्त आवडत्यांकडे बघत होतो.

त्या सभेत झाडं वाचली. धुरळणी पालिकेने सांगितल्यावरच करायची, असं ठरलं. रविवार 'कोरडा दिवस' झाला, तो आजही आहे. पुढच्याच रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, हातात बॅटरी. "काका, बशा बघायच्यात," म्हणाल्या. मी बाजूला झालो.

नंतरची वर्षं भराभर गेली. रोलचा कॅमेरा पेटीत गेला, डिजिटल आला, आता मोबाइलला चिमट्याची लेन्स लावून मुलं माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतात. आंब्यावरचं थोडं बांडगूळ माळ्याला मुद्दाम ठेवायला सांगितलं आहे, कारण 'हळदीकुंकू' फुलपाखरू त्यावरच अंडी घालतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने 'ब्लू मॉरमॉन'ला राज्य फुलपाखरू केलं. देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्याला आता आपण नीलवंत म्हणतो. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात येऊरहून उतरलेला एक नीलवंत आपल्या लिंबाभोवती घिरट्या घालून गेला. तळहाताएवढा, काळा मखमली, मागच्या पंखांवर निळा. ज्या झाडाच्या तोडीचा ठराव येणार होता, तेच हे झाड.

सगळे फोटो तारखांसह पेनड्राइव्हवर घालून मी ऑफिसात दिले आहेत. पुढच्या वार्षिक सभेत त्या कोपऱ्यात चार गाड्यांसाठी पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय आहे, हे मला माहीत आहे. गाड्यांची अडचणही खरी आहे. मत देण्याआधी एकदा सकाळी सातला तिथे जाऊन दहा मिनिटं उभं राहावं, एवढीच विनंती.

तो सात वर्षांचा मुलगा आता इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला आहे. किड्यांची त्याला मुळीच आवड नाही. त्याच्या आईलाही नाही. पण दर रविवारी साडेनऊला बेल वाजते, आणि त्याआधी मी बशा घासून उपड्या ठेवलेल्या असतात.